जावयाचे अभ्यंगस्नान आणि तीन करड्या वायरी

मे महिन्यात ठाण्यातील मनुष्याला गरम पाणी लागत नाही, ही गोष्ट दौलतराव सकपाळांना ठाऊक नव्हती असे नाही. वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या भांडारात त्यांनी चौतीस उन्हाळे पत्र्याखाली काढले होते. उष्णता म्हणजे काय हे त्यांना आता कोणी समजावून सांगावे, अशी परिस्थिती राहिली नव्हती. तथापि यंदा ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिना आला म्हणजे धोंड्याचे जेवण आले, जेवण आले म्हणजे जावई आला, आणि जावई आला म्हणजे त्याला पाटावर बसवून, तेल लावून, ऊन पाण्याने न्हाऊ घालणे आले. पंचांग तयार करताना हवामानाचा विचार झाला नसेल, तर त्यात जावयाचा काही अपराध नाही.

दौलतरावांची एकुलती एक कन्या सोनल गेल्या डिसेंबरात डोंबिवलीस दिली होती. तिचे यजमान मुकुल हे तेथील औद्योगिक वसाहतीत इंजिनियर होते. पाणी तापवणाऱ्या मोठमोठ्या यंत्रणांचे कंट्रोलर बसवणे आणि त्यांना योग्य त्या सूचना देऊन ठेवणे, हाच मुकुलरावांच्या कंपनीचा धंदा होता. हा योगायोग दौलतरावांना प्रारंभी शुभ वाटला होता. पुढे तो तसा वाटेनासा झाला.

कारण असे की, वर्तकनगरातील त्यांच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर सोलरची यंत्रणा होती, आणि ती बसल्याच्या आनंदात अठ्ठावीसही बिऱ्हाडांनी आपापले गीझर एका ठरावाने काढून टाकले होते. मार्च महिन्यात येऊरच्या डोंगरातून उतरलेल्या माकडांच्या एका टोळीने त्या यंत्रणेची बारकाईने पाहणी केली आणि त्यांना जे जे अनावश्यक वाटले ते ते उपटून ठेवले. त्यात जुना कंट्रोलर गेला. संस्थेने नवा आणला, तो गच्चीच्या दाराशी, सातव्या मजल्याच्या जिन्यात लावला, आणि नंतर उन्हाळा असल्यामुळे त्याला सर्वजण विसरले.

विसरले नाहीत ते एकटे दौलतराव.

"बाबा, सोनल म्हणत होती सोलर बंद आहे. मी येऊन बघू का?" मुकुलने फोनवर विचारले होते. "दहा मिनिटांचं काम असतं."

"छे छे, मुकुलराव! तुम्ही कशाला? मी केलंय ते सगळं."

"तुम्ही स्वतः?"

"म्हणजे काय! सेटिंगसकट."

"अरे वा! पंप चालू व्हायला छत आणि टाकीत फरक किती अंशांचा ठेवलात?"

"पुरेसा," दौलतराव म्हणाले आणि समोरच्याला नमस्कार सांगून त्यांनी फोन ठेवला.

आता हे धादांत असत्य त्यांच्या तोंडून का निघाले, याचा निवाडा करताना दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे जावयाला सासुरवाडीत कामाला लावणे हे सकपाळांच्या घराण्यात कधी घडले नव्हते, आणि धोंड्याच्या महिन्यात तर ती कल्पनाही पाप होती. दुसरी गोष्ट जरा खोलवरची आहे. चौतीस वर्षे भांडाराच्या खिडकीशी इंजिनियर लोक येत, सही करीत आणि वस्तू घेऊन जात. प्रत्येक वस्तूचे नाव, क्रमांक आणि मांडणीवरील जागा दौलतरावांना पाठ होती. परंतु त्यांतील एकही वस्तू यंत्राला लावण्याची वेळ त्यांच्यावर कोणी कधी येऊ दिली नव्हती. खिडकीच्या अलीकडच्या बाजूने निवृत्त झालेल्या मनुष्याला आपला जावई पलीकडच्या बाजूचा निघाल्यावर काय वाटत असेल, ते त्याचे त्याला ठाऊक.

"अहो, पातेलंभर पाणी मी गॅसवर ठेवते," शेवंतीबाई म्हणाल्या. "कशाला एवढा पसारा?"

"म्हणजे त्यांना कळावं की सोलर बंद आहे?"

"मग कळू दे की! जावई आहे तो, इन्स्पेक्टर नाही."

"गॅसवर पाणी दिसता कामा नये," दौलतराव निक्षून म्हणाले. धोंड्याचा रविवार अठरा दिवसांवर आला होता.

त्यांनी प्रथम राजरत्नला बोलावले. राजरत्न हा इमारतीचा कायमचा वायरमन. नवा कंट्रोलर त्यानेच जोडला होता.

"काका, आपलं काम एकदम फिट आहे," जिन्यात उभा राहून तो म्हणाला. "गच्चीवरून तीन सेन्सरच्या तीन वायरी आल्यात, तिन्ही जोडल्यात. एक, दोन, तीन. लाइनशीर."

"पण कुठली कशाची?"

"ते काय माहीत नाय. तिन्ही करड्याच आहेत ना. एक छताच्या पॅनेलची आहे, एक टाकीची, एक परतीच्या पाइपची. ते तुम्ही सेटिंगमध्ये टाकायचं. मशीनला थोडीच माहीत, कोण कुठला आहे? आपण नावं दिली तरच ओळखणार ना ती!"

या यंत्राचे तत्त्व अगदी साधे होते. छत टाकीहून तापले की पंप चालू करावयाचा आणि गच्चीवरची ऊब टाकीत आणून सोडावयाची. तसे नसेल तर स्वस्थ बसावयाचे. त्याची सर्व बुद्धी एवढीच होती, आणि ती पुरेशी होती. कित्येक संस्थांच्या कार्यकारिणीत एवढीही आढळत नाही.

दौलतरावांनी चष्मा पुसला, यंत्र चालू केले आणि पडद्यावर पाहिले. तिन्ही ठिकाणी एकच आकडा होता : उणे अडतीस.

ही वार्ता अर्ध्या तासात तळमजल्यापर्यंत पोहोचली. वर्तकनगरात उणे अडतीस अंश तापमान आहे हे पाहण्यासाठी घामाने निथळणारी माणसे सात मजले चढून आली. कोणी पडद्यासह स्वतःचे छायाचित्र घेतले. "काका, स्वेटर आणू का?" असे विचारणारे तिघे निघाले. त्या तिघांची नावे दौलतरावांनी मनात नोंदवून ठेवली.

माहितीपुस्तिका संस्थेचे सचिव भाऊ यांच्या कपाटात होती. भाऊ हे निवृत्त हेडक्लार्क. सरकारी सेवेत असताना त्यांनी एकही कागद अर्जावाचून हलू दिला नव्हता, आणि निवृत्तीनंतर हे व्रत त्यांनी अधिक कडक केले होते.

"पुस्तिका संस्थेची मालमत्ता आहे, दौलतराव. मूळ प्रत मी आपल्या हाती देऊ शकत नाही. आपण अर्ज करावा, मी छायांकित प्रत देईन."

"भाऊ, मी समोरच राहतो. इथं बसूनच वाचतो की."

"मग तसा अर्ज करावा."

तिसऱ्या दिवशी छायांकित प्रत मिळाली. दौलतरावांनी शब्दकोश घेऊन ती वाचावयास बसताच त्यांच्या लक्षात आले की, दुकानदाराने प्रत्येक पानाची एकच बाजू छापली होती. तेविसाव्या पानाच्या तळाशी जे होते त्याचा अर्थ असा : 'सेन्सरचा प्रकार चुकीचा निवडला गेल्यास पडद्यावर उणे आकडा दिसतो. अशा वेळी सर्वप्रथम'. त्याच्या पुढचे पान पंचविसावे होते, आणि त्याची सुरुवात होती : 'असे कदापि करू नये.'

सम पानांसाठी दुसरा अर्ज करावा लागला. त्यात आणखी तीन दिवस गेले. अखेर चोविसावे पान हाती आले, तेव्हा कळले की सेन्सरचा प्रकार बदलावयाचा तर एक गुप्त सांकेतिक क्रमांक लागतो, आणि तो यंत्र ज्याच्या नावे नोंदलेले आहे त्याच व्यक्तीस कळवलेला असतो. यंत्र नोंदले होते नाथा तरे यांच्या नावे. तरे हे मागील सचिव. एप्रिलमध्ये घर विकून ते मुलाकडे कल्याणला राहावयास गेले होते आणि इमारतीतील कोणाचाही फोन ते उचलत नव्हते.

दौलतराव दुसऱ्याच दिवशी खोपटहून बस धरून कल्याणला गेले.

"कोड ना?" नाथा तरे पंख्याखाली बनियनवर बसले होते. "आहे ना. तोंडपाठ आहे."

"मग सांगा की, नाथाशेठ."

"अकरा वर्षं सेक्रेटरी होतो मी, दौलतराव. रात्री-बेरात्री लिफ्ट अडकली तर मी. पाणी नाही आलं तर मी. आणि मी निघालो तेव्हा?"

"तेव्हा मी गावी गेलेलो."

"तुम्ही गावी गेलेलात. बाकीचे कुठे गेलेले? साधा नारळ दिला का कोणी हातात? टेम्पोत एकटा बसलेलो, कपाटाला टेकून. भाऊ खिडकीतनं बघत होते. हात पण नाही हलवला माणसानं!"

 दौलतराव उठले, चार जिने उतरले आणि बाजारात गेले. नारळ लगेच मिळाला. शाल मात्र मिळेना, कारण मे महिन्यात कल्याणच्या बाजारपेठेत शाल मागणाऱ्याकडे दुकानदार ज्या नजरेने पाहतात ती फार काळ सोसवत नाही. तिसऱ्या दुकानातून त्यांनी एक मोठा टर्किश टॉवेल घेतला, निळसर रंगाचा, काठाला नक्षी असलेला, आणि चार जिने पुन्हा चढले.

"आपल्या अकरा वर्षांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल," ते टॉवेल तऱ्यांच्या खांद्यावर पांघरीत म्हणाले, "आम्ही सर्व सभासद आपले ऋणी आहोत. आपल्यानंतर संस्थेत अंधार आहे. आपणांस उदंड आयुष्य लाभो."

तऱ्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले. टॉवेलाचे एक टोक सोयीचे असल्यामुळे ते त्यांनी तेथल्या तेथे पुसलेही.

"लिहून घ्या," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एक. दोन. तीन. चार."

"पुढे?"

"पुढे काही नाही. एवढाच."

परतीच्या बसमध्ये दौलतराव खिडकीबाहेर पाहत बसले. 

सेन्सरचा प्रकार बदलताच आकडे माणसांत आले : एक्कावन्न, बेचाळीस, चाळीस. आता प्रश्न उरला तो नावांचा. यातला छताचा कोणता, टाकीचा कोणता? दौलतरावांनी यावर एक रात्रभर विचार केला आणि त्यांना जी युक्ती सुचली ती, मान्य केले पाहिजे, शास्त्रशुद्ध होती. छताच्या पॅनेलमधील सेन्सर बाहेर काढून कोणीतरी काखेत धरावा. मनुष्याचे अंग उष्ण असते. तेव्हा ज्या क्रमांकाचा आकडा चढेल, तो छताचा.

"सेन्सर संस्थेची मालमत्ता आहे," भाऊ म्हणाले. "तो मीच धरीन."

सकाळी साडेअकराच्या उन्हात भाऊ सदरा काढून गच्चीवर उभे राहिले. राजरत्नने पॅनेलच्या खोबणीतून सेन्सर उपसून त्यांच्या हाती दिला. तो काखेत घेताच भाऊंच्या तोंडून जो उद्गार निघाला तो हेडक्लार्कला शोभणारा नव्हता.

"भाऊ, हलू नका!" जिन्यातून दौलतराव ओरडले. त्यांची नजर पडद्याला खिळली होती.

"चढतोय का?"

"थांबा हो!"

"दौलतराव, माझे पाय भाजत आहेत!"

"भाऊकाका, एका पायावर उभे राहा ना, आलटून पालटून," राजरत्नने सुचवले, आणि ते खरोखरीच तसे उभे राहिले.

पाच मिनिटांनी दोन नंबरचा आकडा बेचाळिसावरून त्रेचाळिसावर चढला. "सापडला!" दौलतराव गरजले. एक नंबर उलट उतरून सदतिसावर जाऊन बसला होता, परंतु उतरणाऱ्यांत त्यांना स्वारस्य नव्हते. त्यांनी दोन नंबरला 'छत' असे नाव दिले, एक नंबरला 'टाकी', आणि उरलेल्या तिसऱ्याला 'परतीचा पाइप'. मग यंत्राकडे पाहून ते किंचित मागे सरले. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी प्रथमच एखादी वस्तू नुसती दिली नव्हती, लावली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर अक्षरे आली : टाकी, अठ्ठ्याहत्तर अंश. दौलतरावांनी त्याचे छायाचित्र मुकुलला पाठवले. मुकुलने उलट एक अंगठा पाठवला.

मात्र नळाला पाणी कोमटसुद्धा येईना.

या बाबतीत इमारतीत तीन मतप्रवाह निर्माण झाले. राजरत्नच्या मते पाइपात हवा होती. दौलतरावांच्या मते सातव्या मजल्यावरून चौथ्यावर येईपर्यंत पाणी निवत होते. भाऊंचे मत सर्वांत मूलगामी होते. "उष्ण पाणी स्वभावतः वर जाते," ते म्हणाले. "ते आपल्यासाठी तीन मजले खाली का उतरेल, याचा आपण विचार केला आहे काय?" सातव्या मजल्यावरून अशीही तक्रार आली की हल्ली पंप रात्रभर चालतो आणि दिवसा मिटून बसतो. दौलतरावांनी तिकडे लक्ष दिले नाही. टाकी अठ्ठ्याहत्तर अंश आहे असे यंत्र स्वतः सांगत असताना नळावर विश्वास ठेवणे, हे त्यांना अंधश्रद्धेसारखे वाटे. रविवारपर्यंत ऊब खाली उतरेल, अशी त्यांची धारणा होती.

रविवार उजाडला. सकाळी नऊ वाजता सोनल आणि मुकुल आले. पाटाभोवती रांगोळी काढली होती. शेवंतीबाईंनी जावयाच्या टाळूवर तेल घातले. बाकीचे अंगाला त्याने स्वतःच चोळले, कारण सासूने जावयाच्या पाठीला हात लावावा इतके ते घर पुढारलेले नव्हते. दौलतरावांचा पंचा नेसून, डोक्यापासून पायापर्यंत चकाकत, मुकुल न्हाणीघराबाहेर पाटावर बसला. स्वयंपाकघरात अनारसे तळले जात होते आणि चारही शेगड्या अडलेल्या होत्या.

दौलतरावांनी गरम पाण्याचा, तांबड्या ठिपक्याचा नळ सोडला. बादली भरली. त्यांनी तीत हात घातला, आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

"काय झालं, बाबा?" मुकुलने विचारले.

"काही नाही. जरा वर जाऊन येतो. पाइपात हवा आहे."

पडद्यावर टाकी चौपन्न अंश होती. ते खाली आले, पुन्हा नळ पाहिला, पुन्हा वर गेले. तिसऱ्या फेरीला त्यांचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येऊ लागला.

"आई, त्याला जाऊ दे ना वर," सोनल म्हणाली. "दोन मिनिटांत करेल तो."

"गप गं! धोंड्याचा जावई तेल चोपडून जिन्यात फिरवू? पंचा नेसून? वर्तकनगरात तोंड दाखवायला जागा राहील का आपल्याला?"

"आई," मुकुल हळूच म्हणाला, "मी काम नाही करत. मी नुसतं विचारतो. विचारलेलं चालतं ना?"

शेवंतीबाईंनी झारा हातात तसाच धरून विचार केला. शास्त्रात याविषयी काही आधार त्यांना आठवेना. "विचारलेलं चालेल," त्या म्हणाल्या. "पण पाटावरनं उठायचं नाही."

मुकुलचे हात तेलाचे असल्यामुळे सोनलने फोन त्याच्या कानाशी धरला. वर जिन्यात दौलतरावांनी आपला फोन उचलला.

"बाबा, छताचा सेन्सर कसा ओळखलात तुम्ही? मी असं कधी हाताने केलं नाही, म्हणून विचारतो."

दौलतरावांनी काखेची युक्ती सविस्तर सांगितली.  शेवंतीबाईंनी नंतर सांगितले की, जावईबापूंनी त्या वेळी खालचा ओठ दातांत धरला होता.

"छान युक्ती आहे. आणि त्या वेळी दुसरा एखादा आकडा उतरला का हो?"

"एक नंबर उतरला. पण त्याचं काय?"

"उतरून कितीवर थांबला?"

"सदतीस."

"सदतीस," मुकुल म्हणाला. मग अगदी सहज, वर्गात मागच्या बाकावरून विचारावे तसे त्याने विचारले, "बाबा, माणसाच्या अंगाचं तापमान किती असतं हो साधारण?"

दौलतराव उत्तर देणार होते. उत्तर त्यांना येत होते. ते ओठांपर्यंत आले आणि तेथेच थबकले. मे महिन्यात, साडेअकरा वाजता, ठाण्याच्या गच्चीवर मनुष्य हा छपरापेक्षा थंड पदार्थ असतो. भाऊंनी सेन्सर तापवला नव्हता, निववला होता. एक नंबर हाच छत होता. ज्याला ते आठवडाभर टाकी म्हणून मिरवीत होते, ते उन्हात भाजणारे पॅनेल होते. म्हणून यंत्र दिवसभर समजत होते की टाकी भरपूर तापली आहे, पंपाची गरज नाही. आणि रात्री पॅनेल निवले की मुकाट्याने पंप लावून, टाकीत जी काही ऊब असे ती येऊरच्या वाऱ्याला वाटून टाकीत होते.

"मुकुलराव," ते म्हणाले, "मला वाटतं, दोन नावांची अदलाबदल करून पाहावी."

"तुम्हाला तसं वाटत असेल तर करून बघा, बाबा."

एक, दोन, तीन, चार. दौलतरावांनी नावे बदलली. यंत्र क्षणभर स्तब्ध राहिले. मग भिंतीपलीकडे पंप घुमू लागला. अठ्ठावीस, एकतीस, पस्तीस, असा टाकीचा खराखुरा आकडा डोळ्यांदेखत चढू लागला. तासाभराने तो पंचावन्नवर गेला, आणि दौलतरावांनी खाली धावत येताना, केवळ आनंदाच्या भरात, भाऊंच्या दाराची घंटा वाजवली. ही त्या दिवसातील त्यांची एकमेव चूक होय.

"अभिनंदन," भाऊ म्हणाले. "आता तपासणी अहवाल."

"कसला अहवाल?"

"सेटिंगमध्ये बदल झाला आहे. प्रत्येक सदनिकाधारकाने गरम नळ सोडून पाहावा आणि कोमट, गरम की अतिगरम ते लिहून सही करावी. अठ्ठावीस सह्या लागतील."

"भाऊ, जावई तेल लावून बसलाय!"

"म्हणूनच आपली सदनिका शेवटी घेऊ. अर्जदाराने स्वतःच्या कामाला आधी प्रमाणपत्र देणे योग्य नव्हे."

भाऊ वही घेऊन पहिल्या मजल्यावर गेले. आता, वर्तकनगरातील मनुष्याला मे महिन्यात गरम पाणी नको असते हे खरे, परंतु नळ सोडल्यावर समोर वाफाळते पाणी फुकट वाहताना पाहून स्वस्थ बसणे हेही त्याच्या स्वभावात नाही. कोणी गोधड्या भिजवल्या. कोणी पडदे काढले. एका घरात वर्षभराची लोणच्याची भांडी धुवायला निघाली. वहीत 'अतिगरम' हा शेरा सत्तावीस वेळा पडला, आणि एकही नळ बंद झाला नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी भाऊ चौथ्या मजल्यावर आले. "सोडा नळ," ते म्हणाले.

दौलतरावांनी तांबड्या ठिपक्याचा नळ फिरवला. नळाने एक दीर्घ उसासा टाकला, दोन थेंब दिले आणि तो संपला.

 मुकुल चार तास पाटावर होता. तेल अंगात मुरून गेले होते आणि रांगोळीवर त्याच्या टाचांचे ठसे उमटले होते. भाऊ वहीकडे पाहत उभे राहिले, कारण या प्रकारासाठी त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता. दौलतरावांनी नळ उगाचच दोनदा बंद केला आणि दोनदा उघडला. जावयाकडे त्यांना पाहवेना.

"बाबा, तुम्ही बाहेर व्हा," मुकुल उठत म्हणाला. "मी बघतो. आई, आता न्हायला जाऊ ना?"

त्याने आत जाऊन कडी लावली. थोड्याच वेळात पाणी पडू लागल्याचा आवाज आला, आणि मग एकदम "हाऽऽ" असा ओरडा. दहा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान आणि खांदे लालबुंद झाले होते.

"कसं होतं पाणी?" शेवंतीबाईंनी विचारले.

"कडकडीत, आई. अंगावर घेववेना. चार वर्षांत असं न्हालो नव्हतो."

"बघा!" शेवंतीबाई भाऊंना म्हणाल्या. "लिहा, अतिगरम!" भाऊंनी लिहिले आणि सही घेऊन ते समाधानाने निघून गेले.

दौलतराव न्हाणीघरात शिरले. तांबड्या ठिपक्याचा नळ कोरडा ठणठणीत होता. त्यांनी शेजारच्या निळ्या ठिपक्याच्या, गार पाण्याच्या नळाला हात लावला आणि चटका बसून तो मागे घेतला. गच्चीवरची साध्या पाण्याची काळी टाकी सकाळपासून उन्हात भाजत होती. तिला सेन्सर नव्हता, पंप नव्हता, आणि नाव विचारावयासही कोणी आले नव्हते. बोटे तोंडात धरून ते काही वेळ तेथेच उभे राहिले.

पाने वाढली. मुकुलपुढे अनारशांचे ताट आले. सोनल त्याला चिडवत होती आणि तो हसत होता, पण त्या पाण्याबद्दल तो एक शब्दही अधिक बोलला नाही. दौलतरावांनी तुपाची वाटी उचलली, त्याच्या पानाशी वाकले आणि धार धरली. धार थांबली तरी ते वाकलेलेच राहिले.

"मुकुल," ते म्हणाले, "जेवून झालं की जरा वर चल माझ्याबरोबर. मला त्यातलं काही कळत नाही."

शेवंतीबाईंचा वाढता हात हवेत थांबला. "अहो!"

मुकुलने सासऱ्याकडे पाहिले. मग हातातला घास पानात टाकून तो अर्धवट उठलाच.

"बस," दौलतराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "आधी ताक पी."